अ‍ॅन्सिलभाऊंचं गाव

अ‍ॅन्सिल टॅकेट या माणसावर माझा राग आहे, आणि वीस वर्षं झाली तरी तो गेलेला नाही. कुणी म्हणेल, इतक्या सज्जन माणसावर कसला राग? तर त्यांच्या सज्जनपणावरच. वाईट माणसाचा राग येतो, चार शिव्या दिल्या की जातो. चांगल्या माणसाने घातलेला घोळ जन्मभर निस्तरत बसावं लागतं.

आम्ही सगळे त्यांना अ‍ॅन्सिलभाऊ म्हणायचो. ओक्लाहोमात आमचं पेकान फोर्क नावाचं गाव होतं, तिथल्या चर्चमध्ये ते माझ्या पुढच्या बाकावर बसायचे. उंच, हडकुळे, पन्नाशीला टेकलेले, आणि डावा कान अर्धाच. तो लहानपणी खेचराने खाल्ला होता. "मालक बोलायला लागला की मी हाच कान पुढे करतो," असं ते म्हणायचे. मालकाने कुळं काढून ट्रॅक्टर आणला तेव्हा आमच्याबरोबर तेही निघाले. छत्तीस सालच्या वसंतात, दोन खटारा गाड्यांतून. एका गाडीत मी आणि माझा नवरा डॉइल, दुसरीत अ‍ॅन्सिलभाऊ आणि त्यांची बायको लूटी.

कॅलिफोर्नियात फिरत फिरत बार्लोला आलो आणि गावाबाहेर कालव्याच्या काठावर तंबू ठोकले. तिथे आमच्यासारखी साठेक बिऱ्हाडं होती. कुणी फाटक्या ताडपत्रीखाली, कुणी पत्र्याखाली. कालव्याचं पाणी प्यायचं, त्यातच धुवायचं. बार्लोतली माणसं आम्हाला 'ओकी' म्हणत. शब्द साधाच, ओक्लाहोमाचा माणूस. पण उकिरड्यावरचं कुत्रं हाकलताना जसं 'हाड' म्हणतात, तसं ते म्हणायचे.

आधी अ‍ॅन्सिलभाऊ कापूस कसे वेचायचे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कापूस वेचायला लांबलचक पोतं असतं. त्याचा पट्टा खांद्यात अडकवायचा आणि ते पायांमागून ओढत ओळीतून वाकून चालायचं. वजनावर मजुरी. मी पोत्याच्या तळाला दोन-चार मातीची ढेकळं टाकायची. सकाळी दंव असताना भराभर वेचायची, कारण ओला कापूस जड भरतो. सगळ्याच बाया तसं करत. मालकाचा काटा मालकाच्या बाजूने खोटा, आमचं पोतं आमच्या बाजूने, म्हणजे फिटंफाट. अ‍ॅन्सिलभाऊ मात्र एकेक बोंड असं वेचायचे की पान नाही, काडी नाही, माती नाही. दिवस बुडेपर्यंत त्यांचं पोतं माझ्या निम्मं.

"अहो अ‍ॅन्सिलभाऊ," डॉइल चिडवायचा, "हा कापूस काय देवाच्या उशीत भरायचाय?"

"कापूस म्हणून देतोय ना? मग कापूसच द्यावा," ते म्हणायचे.

लूटी लगेच मागून बोलायची, "आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून दोघांच्या वाटचं मी एकटी बोलते."

लूटी बारकी, गोरीपान, तोंडाची फटकळ. हसली की खोकायची, आणि हसायची फार. अडतीसच्या वसंतात खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा कळलं की क्षय आहे. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दवाखान्यात तिला खाट मिळाली. मिळाली, कारण आम्हाला कॅलिफोर्नियात दोन वर्षं झाली होती. कायदा असा होता की वर्षभर जो इथे घर करून राहिला तो इथला. इथला असेल तर दवाखाना, मदत, मत सगळं. नसेल तर परत पाठवणी. लूटीची खाट खिडकीपाशी होती आणि तिला दिवसाला दूध, अंडं मिळायचं. उन्हाळ्यात तिच्या गालांवर जरा मांस आलं. डॉक्टर म्हणाला, वर्षभर अशीच पडून राहिली तर वाचेल, हलवली तर नाही.

त्याच उन्हाळ्यात काउंटीच्या कारभारी मंडळाची निवडणूक लागली. आमच्या भागातून जो बसलेला होता तो मोठा शेतमालक. त्याने उघड सांगितलं होतं की निवडून आलो की दवाखान्यातून उपरे बाहेर आणि कालव्याकाठचा तळ साफ. समोर उभा होता बार्लोतला गुरांचा डॉक्टर. तो म्हणायचा, माणूस आजारी आहे की नाही ते बघा, त्याच्या गाडीची नंबरपाटी बघू नका.

"काउंटी आपल्याला गुरंच समजते," लूटी खाटेवरून म्हणाली, "तर गुरांच्या डॉक्टरलाच मत द्या. मला उठून जाता आलं असतं तर चार दिली असती."

अ‍ॅन्सिलभाऊंना मतदानाचं वेड होतं. तरुणपणी ते समाजवाद्यांच्या तंबूतल्या सभांना जायचे. आमच्याकडे तेव्हा येशू आणि लाल झेंडा एकाच तंबूत मावायचे. पुढे ती मंडळी पांगली, काही तुरुंगात गेली. अ‍ॅन्सिलभाऊंनी मतपेटी तेवढी धरून ठेवली. पेकान फोर्कच्या शाळेत अठरा वर्षं मतपेटीची किल्ली त्यांच्याकडे असायची. कुणी कुणाला मत दिलं हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं, पण कधी बायकोलाही सांगितलं नाही. आता तर लूटीची खाटच मतावर होती. उन्हाळाभर ते तंबूतंबूतून फिरले. लोक म्हणायचे, "आपल्या मताने काय व्हायचंय, भाऊ?" हे आपले टोपी हातात घेऊन तिथेच बसून राहायचे. शेवटी माणूस कंटाळून नाव नोंदवायला जायचा. त्रेचाळीस नावं नोंदवली त्यांनी. आमच्यासारख्या चिंध्या झालेल्या लोकांची त्रेचाळीस नावं. तेवढं मी त्यांच्या पदरात घालते.

मग बातमी आली की शेतमालकांच्या संघटनेने ठरवलंय, मतदानाच्या दिवशी टेबलापाशी आपला माणूस बसवायचा. ज्याच्यावर संशय, त्याला हरकत घ्यायची. त्याने बायबलवर हात ठेवून शपथेवर सांगायचं की मी इथलाच. तसा कायदाच होता.

मी तेव्हा शाळा घेतली. रविवारी दुपारी तंबूपुढे खोक्यावर बसले, हातात लाकडी डाव घेतला आणि एकेकाला समोर उभं केलं.

"राहता कुठे?"

"बार्लोत, बाई."

"किती वर्षं?"

"दोन वर्षं, सात महिने."

"परत जायचा विचार?"

"अजिबात नाही."

"घुटमळायचं नाही. पुन्हा सांग."

अ‍ॅन्सिलभाऊंचा नंबर आला तेव्हा मलाच धास्ती होती. पण त्यांनी विचार करून सांगितलं, "राहता कुठे म्हणाल तर बार्लोत. ते खरंच आहे, ओनिटाताई. परत जायचा विचार नाही, हेही खरं आहे, कारण परत जायला काही उरलंच नाहीये. यात खोटं काहीच बोलावं लागत नाही." त्यांच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मला हसू आलं.

एक प्रश्न मी विचारला नाही. तो मला सुचला नाही, आणि याचंही मला आजवर वाईट वाटतं.

आमच्या लोकांत दोन प्रश्न असतात. 'राहता कुठे' हा साहेबाचा, पोलिसाचा, कचेरीचा. आपला माणूस भेटला की तो असं विचारत नाही. तो विचारतो, 'गाव कुठलं?' कुठल्याही तळावर नवी गाडी येऊन थांबली की कुणीतरी उठून जायचं आणि हेच विचारायचं. उत्तर ओळखीच्या बाजूचं निघालं की चुलीवर कॉफी चढायची. आणि गाव म्हणजे जिथे राहतो ते नव्हेच. मे महिन्यात एक रविवार असतो, त्या दिवशी आम्ही आपल्या माणसांची थडगी साफ करतो. गवत काढायचं, माती ओढायची, फुलं ठेवायची, आणि मग तिथेच चादरी पसरून सगळ्यांनी जेवायचं. ज्या दफनभूमीत त्या दिवशी आपण जातो, ते आपलं गाव. अ‍ॅन्सिलभाऊंची आई आणि दोन मुली पेकान फोर्कला पुरलेल्या. त्यांच्या आईपासून दोन ओळी सोडून माझा मुलगा आहे. अकरा महिन्यांचा होता. नाव वेंडेल.

नोव्हेंबरातला मंगळवार उजाडला. मतदान बार्लोच्या शाळेत होतं. टेबलापाशी नोंदवही घेऊन मिस अ‍ॅम्सडेन बसली होती. ही शाळेतलीच म्हातारी शिक्षिका, चष्म्यावरून बघणारी, पण मनाने बरी. ती आपली "राहता कुठे?" विचारायची, आमची माणसं पढवल्यासारखी "बार्लो" म्हणायची आणि आत जायची. माझी शाळा कामाला आली म्हणून मी खूश होते. वीसएक जणांनी मत टाकलं. मग दहाच्या सुमाराला क्लीट बॉयर आला.

क्लीट आम्ही वेचायला जायचो त्या शेतावरचा मुकादम. पण तोही आमच्यातलाच. ओक्लाहोमाशेजारच्या अर्कान्सातून पंधरा वर्षांपूर्वी असाच कापूस वेचायला आलेला. मुकादम झाला, गावात घर बांधलं, तरी अजून मक्याची भाकरी ताकात कुस्करून खायचा आणि बोलायला लागला की आमच्या काकासारखा वाटायचा. मालकांना वाटलं असतं तर त्यांनी कुणी वकील बसवला असता. वकिलाने 'राहता कुठे' विचारलं असतं आणि आम्ही त्याला गुंडाळून खिशात घातलं असतं. मालक हुशार. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक.

क्लीट मिस अ‍ॅम्सडेनच्या शेजारच्या खुर्चीत बसला. रांगेत पुढे अ‍ॅन्सिलभाऊ, त्यांच्यामागे मी, आणि माझ्यामागे तळावरची वीस माणसं. अ‍ॅन्सिलभाऊ टेबलाशी गेले तसा क्लीट उठून उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढली.

"रामराम, काका," असंच काहीसं तो आमच्या बोलीत म्हणाला. "मावशी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. दूध मिळतंय," अ‍ॅन्सिलभाऊ म्हणाले.

"देव त्यांना बरं करो. काका, तुम्हाला इतकी वर्षं बघतोय, पण कधी विचारलंच नाही. गाव कुठलं म्हणायचं तुमचं?"

अडीच वर्षांत बार्लोतल्या कुणी माणसाने अ‍ॅन्सिलभाऊंसमोर टोपी काढली नव्हती. त्यांचा चेहरा असा उजळला की मी मागून बघू शकत नव्हते तरी त्यांच्या मानेवरून मला कळलं.

"पेकान फोर्क," ते म्हणाले. "मॅकिंटॉश काउंटी, ओक्लाहोमा."

"माझी हरकत आहे," क्लीट मिस अ‍ॅम्सडेनला म्हणाला आणि टोपी घालून खाली बसला.

मिस अ‍ॅम्सडेनने चष्मा काढून पुसला. तिला कळलं होतं. ती म्हणाली, "मिस्टर टॅकेट, आता तुम्हाला शपथेवर उत्तर द्यावं लागेल. तुम्ही पूर्वी जिथे राहत होतात ते सांगितलंत, असंच ना? आता तुमचं घर इथे आहे. असंच म्हणायचं होतं ना तुम्हाला?"

एवढी सरळ दोरी टाकली होती म्हातारीने. नुसती धरायची होती. मी मागून त्यांच्या पाठीत बोट खुपसलं. "हो म्हणा," मी पुटपुटले. "लूटीसाठी म्हणा."

अ‍ॅन्सिलभाऊंनी बायबलवर हात ठेवला. त्यांना सापळा कळला होता. मागे वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांचे डोळे घाबरलेले होते. पण हात पुस्तकावर होता आणि जीभ तीच.

"नाही बाई," ते म्हणाले. "राहतो मी इथेच. पण यांनी गाव विचारलं. गाव माझं पेकान फोर्क."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. क्लीटने ते कागदावर लिहून घेतलं आणि अ‍ॅन्सिलभाऊंनी त्याखाली सही केली, सुवाच्य अक्षरात. मत गेलं. एक मत गेलं असतं तर मी कपाळाला हात लावून गप्प बसले असते. पण हा भला माणूस बाहेर गेला नाही. आपण नाव नोंदवून आणलेली माणसं मत टाकतात की नाही बघायला दाराशी टोपी हातात धरून उभा राहिला.

"ताई, गाव कुठलं?" क्लीटने मला विचारलं. उठून, टोपी काढून.

मी बायबलवर हात ठेवला. "बार्लो," म्हटलं.

"त्याआधीचं?"

"आधीचं गाव नाही मला."

"माणसं पुरली असतील ना कुठे? आई, बाप, मूल?"

तो काय विचारतोय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मी सांगितलं, "माझं कुणी पुरलेलं नाही." सांगितलं आणि आत जाऊन गुरांच्या डॉक्टरच्या नावापुढे फुली मारली. पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून मारली.

बाहेर आले तर दारात अ‍ॅन्सिलभाऊ. माझ्या वेंडेलच्या पेटीला त्यांनीच फळ्या ठोकल्या होत्या.  बोलले असते तर मी त्यांना फाडून खाल्लं असतं. माझ्यामागे वीस माणसं होती आणि प्रत्येकाला क्लीटने उठून तोच प्रश्न विचारला. ती माणसंही पोत्यात ढेकळं घालणारीच होती हो. पण समोर दारात अ‍ॅन्सिलभाऊ उभे. त्यांच्या डोळ्यांदेखत, पुस्तकावर हात ठेवून, आपल्या मेलेल्या माणसांना नाही कोण म्हणणार? एकेक जण अडखळला, दाराकडे बघून मान खाली घातली आणि खरं गाव सांगून मोकळा झाला. वीसच्या वीस. रांगेतली खोटारडी मी एकटी.

गुरांचा डॉक्टर चौदा मतांनी पडला.

"भाऊ, तुम्ही घरी का नाही गेलात?" त्या दिवशी संध्याकाळी डॉइलने विचारलं. "निदान दारातून हलायचं तरी."

"मला वाटलं, त्यांना धीर येईल," अ‍ॅन्सिलभाऊ म्हणाले.

"आला ना. खरं बोलायचा आला," मी म्हटलं आणि त्यांच्या ताटलीत घेवडा वाढायचा सोडून पातेलं उचलून आत नेलं. त्यांच्याशी मी चार दिवस बोलले नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं. पण तेव्हा नाही बोलले.

दहा दिवसांनी दवाखान्यातून कागद आला. 'रुग्ण लूटी टॅकेट, परराज्यातील, हिला पतीसह स्वगावी पाठवण्यात येत आहे.' स्वगावी. अगदी हाच शब्द. मी अ‍ॅन्सिलभाऊंना घेऊन काउंटीच्या कचेरीत गेले. टेबलामागे एक तरुण कारकून होता, भांग पाडलेला. त्याने फाइल उघडून तो शपथेचा कागद आमच्यापुढे सरकवला.

"सही तुमचीच ना?"

"माझीच," अ‍ॅन्सिलभाऊ म्हणाले.

"मग आम्ही काय करणार? तुम्हीच म्हणता गाव ओक्लाहोमा. काउंटी तुम्हाला गावाला पोचवतेय, तीही फुकट. लोक आभार मानतात."

मी त्याला कायदा सांगितला, दोन वर्षं सात महिने सांगितले, डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं. तो नुसता बोट कागदावर ठेवून बसला. मग अ‍ॅन्सिलभाऊ पुढे झाले. टोपीची कड त्यांनी इतकी पिळली होती की ती उसवली.

"साहेब," ते म्हणाले, "मला प्रश्न नीट कळला नव्हता. मी चुकीचं सांगितलं. आमचं गाव बार्लो."

त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं. इतकं वाईट बोलले, मान खाली, आवाज फुटलेला, की शेंबडं पोरही म्हणालं असतं हा खोटं बोलतोय. कारकून हसला. म्हणाला, "शपथेवर सांगितलेलं असं बदलता येत नाही, म्हाताऱ्या."

पुढच्या सोमवारी सकाळी त्यांना गाडीत बसवलं. लूटीला दवाखान्याच्या घोंगडीत गुंडाळून आणलं होतं आणि ती घोंगडी परत द्यायची होती, म्हणून मी माझी गोधडी नेली. फलाटावर ती बाकावर बसली. गालांवरचं मांस दहा दिवसांत उतरलं होतं, तरी तोंड चालू.

"बघ गं ओनिटा," ती म्हणाली. "तीस वर्षं ह्यांच्या मागे लागले की एकदा तरी माझ्यासाठी खोटं बोला. बोलले शेवटी. तेसुद्धा धड जमलं नाही."

अ‍ॅन्सिलभाऊ शेजारी उभे राहून ऐकत होते. ती हसायला लागली आणि मग पुष्कळ वेळ खोकली. रुमाल लपवून म्हणाली, "आता काय, माहेरीच चाललेय. मे महिन्यात पोरींची थडगी साफ करीन. आणि तुझ्या वेंडेलचंही करीन, काळजी करू नकोस."

मी काय बोलणार होते? माझं कुणी पुरलेलं नाही, असं मी शपथेवर सांगितलं होतं. मी गोधडी तिच्या पायांखाली खोचत राहिले. गाडी सुटली तेव्हा अ‍ॅन्सिलभाऊंनी खिडकीतून मला हात केला, आणि मी केला नाही. अंगात राग होता. गाडी गेल्यावर मी रिकाम्या रुळांकडे बघून हात हलवला, त्याचा काय उपयोग.

न्यू मेक्सिकोत टुकुमकारी म्हणून स्टेशन आहे. तिथे गाडी बदलावी लागते. दुसऱ्या गाडीची वाट बघताना लूटीने तिथल्या बाकावरच प्राण सोडला. पेकान फोर्क अजून एक दिवस लांब होतं. हे मला अ‍ॅन्सिलभाऊंच्या कार्डावरून कळलं. कार्डावर चार ओळी होत्या. तिला इथेच माती दिली, चर्चच्या लोकांनी मदत केली, तुमची गोधडी तिच्याबरोबर गेली, माफ करा. पुढे ओक्लाहोमाला ते गेलेच नाहीत. जाऊन बघणार काय होते? मालकाने घर पाडून उंबऱ्यावरून ट्रॅक्टर फिरवला होता, हे आम्हाला आधीच कळलं होतं. स्टेशनासमोरच्या खाणावळीत ते बशा विसळायला राहिले.

क्लीट बॉयर अजून आहे. लढाईच्या वर्षांत मजूर मिळेनात तेव्हा मालकांनी तळावर नळ दिले, पत्र्याच्या खोल्या दिल्या. मग आम्ही ओकी राहिलो नाही, 'आपली माणसं' झालो. क्लीट आता रस्त्यात भेटला की टोपी काढतो. मी दुसऱ्या फुटपाथवर जाते. माझं बार्लोत घर आहे, परसात चार पीचची झाडं आहेत. पंचावन्न साली डॉइल गेला, त्याला इथे पुरला. म्हणजे आमच्या हिशेबाने आता बार्लो हे माझं खरंखुरं गाव झालं. शपथ सतरा वर्षांनी खरी ठरली म्हणायची. तरी कुणी आपल्या बोलीचा माणूस भेटून "गाव कुठलं?" विचारतो तेव्हा माझ्या तोंडात पेकान फोर्क येतं. मी ते गिळते आणि बार्लो सांगते. सवय झाली आहे.

लूटी गेली, चौदा मतांनी ती माणसं जिंकली, आणि अ‍ॅन्सिलभाऊ खरं बोलले. खरं बोलून या जगात कुणाचं भलं झालेलं मी बघितलं नाही. खोटं बोलून माझं झालं, पण ते भलं मला गोड लागत नाही. कुणाला शिव्या द्याव्यात ते मला ठरवता येत नाही, म्हणून मी त्यांनाच देते. ते लांब आहेत, ऐकू जात नाही, आणि अर्ध्या कानाने ऐकलं तरी वाईट वाटून घेणार नाहीत.

त्यांचं एकच पत्र माझ्याकडे आहे. चाळीस सालचं, पेन्सिलीने लिहिलेलं. शेवटचा भाग इथे उतरवते.

'ओनिटाताई, थडग्यांच्या रविवारी इथल्या दफनभूमीत गेलो होतो. मी आणि खाणावळीतली एक बाई, दोघंच होतो. गवत काढलं. लूटीच्या थडग्याजवळ बसून डबा खाल्ला. नंतर कचेरीत मतदारयादीत नाव घालायला गेलो. तिथल्या माणसाने राहता कुठे विचारलं, ते सांगितलं. मग त्याला म्हटलं, साहेब, मला गाव विचारा. तो म्हणाला, याची गरज नाही. मी म्हटलं, तरी विचारा. त्याने विचारलं. मी पुस्तकावर हात ठेवून टुकुमकारी सांगितलं. या वेळी ते खरं होतं.'